दारावर झोपणारे पप्पा

माझे सासरे दारावर झोपतात. दारात नव्हे, दारावर. रात्रीचं जेवण झालं की ते आपल्या खोलीच्या बिजागऱ्यांतल्या पिना हातोडीने वर ठोकतात, दार उतरवतात, दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटवर आडवं टाकतात, वर गोधडी अंथरतात आणि झोपतात. खोलीत चांगला क्वीन साइझ बेड आहे. दुकानदाराला रडकुंडीला आणून मी तो घेतला होता. त्यावर पप्पांची पुस्तकं झोपतात. सकाळी उठले की दार परत जागेवर.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे माझा त्रास कळेल. मी दारं बसवतो. स्टुडंट म्हणून मेलबर्नला आलो तेव्हा गाड्या धुतल्या, हॉटेलात भांडी घासली, कुणाची ओळख नाही की पाळख नाही. आज ग्लेन वेव्हर्लीत स्वतःचं घर आहे आणि घरासमोर माझ्या नावाची व्हॅन. अर्ध्या सबर्बच्या घरांत मी दारं लावतो आणि माझ्याच घरात माझा सासरा ती काढतो.

पप्पा, म्हणजे पास्कल मास्तर, वसईच्या शाळेत इतिहास शिकवायचे. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा आणि दुपारी लाल बावटा, दोन्ही सारख्याच श्रद्धेने. चीनमध्ये कम्युनिस्ट चळवळ सुरू कशी झाली, हा त्यांचा जीव की प्राण. दाराचं मूळ तिथलंच.

"अरे डेनिस, ते लाल सैनिक गावात शिरले की झोपणार कुठे? शेतकऱ्याचं दार उतरवायचं आणि त्यावर पाठ टेकायची. पण सकाळी निघताना ज्याचं दार त्याच्या चौकटीत परत! हा नियम होता. अंथरलेलं गवत परत, उसनं आणलेलं भांडं परत, गोड बोलायचं, रास्त भाव द्यायचा."

'रास्त भाव' म्हणताना ते नेहमी माझ्याकडे बघतात.

"पण पप्पा, इथे बेड आहे ना!"

"सवय मोडता कामा नये."

एकदा मी चिडून विचारलं, "आणि पुढे त्याच लोकांच्या राज्यात माणसं उपाशी मेली, त्याचं काय?" मला वाटलं, आता पुस्तक फेकून मारतील. ते चष्मा पुसत म्हणाले, "ते वाचलं तेव्हा बावटा घडी घालून कपाटात ठेवला. मी त्या होडीपर्यंतचाच कॉम्रेड."

ही होडी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पक्ष काढायला शांघायच्या एका घरात दहा-बारा जण चोरून जमले होते. पोलिसांना वास लागला. मग उरलेली बैठक त्यांनी एका तळ्यावर, सहलीच्या होडीत बसून पुरी केली. पप्पा ही गोष्ट कुंपणावरून शेजारच्या वँग आजोबांनाही सांगतात. चीनमध्ये जन्मलेल्या माणसाला चीन समजावून सांगणारा वसईकर मी दुसरा पाहिला नाही. वँग आजोबा शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "व्हेरी ओल्ड स्टोरी, मिस्टर पास्कल. यू लाइक ककंबर?"

पप्पा काकडी घेऊन परत येतात आणि माझ्या बायकोला सांगतात, "सिसिलिया, आज चर्चा चांगली झाली."

पण सगळ्यात मोठा ताप म्हणजे रविवारची बैठक. चर्चहून आलो की आम्ही सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं आणि आत्मटीका करायची. हीही त्या चळवळीतलीच रीत. दुसऱ्याची तक्रार मांडायची असेल तर आधी स्वतःची चूक सांगायची. "पाद्र्याच्या कानात सांगतोस ते इथे तोंडावर सांग," हे पप्पांचं वाक्य. आमची लेक रिया उत्साहाने म्हणते, "आय एट मम्स चॉकलेट. सॉरी, कॉम्रेड आजोबा." पप्पांच्या स्वतःच्या चुकाही याच मापाच्या. वँगची काकडी कडू निघाली तरी गोड आहे म्हणालो, वगैरे.

मी म्हणायचो, "मी जरा तापट आहे. झालं? आता पप्पांच्या दाराचं बोलू."

"ही आत्मटीका नाही, डेनिस. हा तुझ्या घासाघिशीचा पहिला आकडा आहे."

माझी साइट लांब असते, त्यामुळे मी सगळ्यांच्या आधी, अंधारातच निघतो. पप्पांच्या उघड्या चौकटीवरून जाताना आतून आवाज यायचाच, "कोण?" मला वाटायचं, म्हातारा माझी हजेरी घेतोय. मी म्हणायचो, "भांडवलदार!" आतून उत्तर यायचं, "मग हळू चाल. कामगार झोपलेत."

इथवर मी सगळं चालवून घेतलं. रियाच्या वाढदिवसाला मात्र बिनसलं.

बॅकयार्डमध्ये बार्बेक्यू होता, ओळखीची सगळी मराठी मंडळी जमली होती. मी माझा ताजा पराक्रम सांगत होतो. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईचा नवरा वारला होता. तिला घर रिकामं करून लेकीकडे डार्विनला जायचं होतं. तिची जुनी, भरीव लाकडाची दारं मी जवळजवळ फुकटात उचलली होती. लोक हसत होते. पप्पांनी हातातली प्लेट खाली ठेवली.

"भाव रास्त होता का?"

"बाईला घाई होती, पप्पा."

"म्हणजे नव्हता. चला, सगळे जमलेच आहेत. आत्मटीका होऊन जाऊ दे."

कुणी हसलं नाही. माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर! मी चिमटा घेऊन सॉसेज उलटत राहिलो, ती पार कोळसा होईपर्यंत. इतक्या बोलण्यावरून मी माणसं तोडली आहेत. सासरा तोडता येत नाही, म्हणून गप्प बसलो. विसरलो मात्र नाही.

मग थंडी आली. घरात हीटिंग लावलं की झोपण्याआधी फिरून सगळी दारं ओढून घेणं हे माझं काम. गरम हवा फुकट जाणं मला सहन होत नाही. एका खोलीला दारच नाही म्हटल्यावर मला आयतं कारण मिळालं. एका शुक्रवारी पप्पा वँग आजोबांकडे गेलेले असताना मी त्यांच्या दाराला नव्या बिजागऱ्या बसवल्या. यांच्या पिना निघतच नाहीत.

जेवणानंतर पप्पा हातोडी घेऊन दाराशी उभे राहिले. बराच वेळ वरून खाली बघत होते.

"नवीन आहेत?"

"सेफ्टीसाठी."

त्यांनी हातोडी जागेवर ठेवली आणि आत गेले. झोपायला जाताना मी त्यांचं दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. सौदा जिंकल्यावर वाटतं तसं वाटलं.

शनिवारी मी साइटवर निघालो तर "कोण?" आलं नाही. पप्पा दाराच्या चौकटीत बसले होते. दार परत उघडलेलं, पाठ एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला टेकलेले, अंगावर गोधडी. बसल्याबसल्याच झोप लागली होती. त्यांच्या अंगावरून गेल्याशिवाय कुणाला ते दार लावता आलं नसतं.

मी त्यांना ओलांडून कामाला गेलो.

रविवारी बैठकीत पप्पा म्हणाले, "आज आधी मी. त्या दिवशी डेनिसच्या पाहुण्यांसमोर मी चुकलो. आत्मटीका आपली आपण करायची असते. दुसऱ्याकडून वदवून घ्यायला लागलो की तिची काठी होते. तिकडे चीनमध्येही पुढे तेच झालं. मुलांना हे शिकवणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं."

मला हवी होती ती माफी समोर आली होती. घेता येईना.

सिसिलिया म्हणाली, "ते असू दे. पप्पा, काल तुम्ही दारात बसून का झोपलात? खरं सांगा."

पप्पा टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिले.

"तुझी मम्मी आत झोपली होती. आजारीच होती तेव्हा. बाहेरच्या खोलीत माझी चळवळीतली मंडळी आलेली. मी हेच सांगत होतो, दारं परत लावायची गोष्ट. माझा आवाज चढला म्हणून कुणीतरी उठून तिच्या खोलीचं दार लोटलं. तिची झोप मोडू नये म्हणून. मन चांगलंच होतं त्याचं. मी बघितलं आणि बोलत राहिलो. सगळे गेल्यावर तिला चहा विचारायला आत गेलो."

"तुम्ही फोनवर म्हणालात, झोपेत गेली."

"झोपेतच गेली असेल. हाक मारली असली तर मला कसं कळणार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग दार नुसतं उघडं ठेवायचं ना, पप्पा!"

"ठेवायचो. इथे आलो तेव्हा रोज ठेवायचो. सकाळी बघतो तर लोटलेलं. काढलेलं दार कुणाला लोटता येत नाही."

कोण लोटायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. रियाने सांगितलं. "डॅड डझ द डोअर्स. फॉर द हीटिंग."

सिसिलियाने माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती उठून पप्पांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"युअर टर्न, डॅड," रिया म्हणाली.

मी प्रत्येक किमतीला उत्तर असलेला माणूस. शेवटी म्हणालो, "त्या बाईच्या दारांचा भाव रास्त नव्हता." सांगायचं ते दुसरंच होतं. पप्पांनी मान हलवली; ते दुसरंही त्यांना ऐकू गेलं असावं.

दुपारी मी जुन्या बिजागऱ्या परत बसवल्या. पप्पा पिना तळहातावर घेऊन शेजारी उभे होते, एकेक पुढे करत होते. रात्री दार मीच उतरवून क्रेटवर ठेवलं.

"सकाळी परत लावायचं, हं," ते म्हणाले. "नियम आहे."

सोमवारी निघताना सवयीने आमच्या बेडरूमचं दार ओढायला हात गेला. आतून सिसिलियाचा आवाज आला, "राहू दे."

तसंच ठेवून पुढे आलो.

"कोण?"

"मी आहे, पप्पा. डेनिस."

त्यांनी विनोद केला नाही. "बरं," म्हणाले, आणि ते कुशीवर वळले तसं त्यांच्याखाली दार करकरलं.