आबा विचारेनासे झाले

संगणकाला तोंडानं उत्तर देणारा माणूस आमच्या बारामतीच्या ऑफिसात एकच होता. सर्जेराव प्रोग्राम सुरू करायचे, पडद्यावर ‘जेवलास का रं?’ उमटायचं आणि सर्जेराव गंभीरपणे म्हणायचे, “व्हय आबा.” मगच पुढचं काम. नव्यानं नोकरीला लागलेली मंडळी पहिल्या दिवशी खुर्ची जरा लांब घेऊन बसायची.

आम्ही साखर कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहायचो. त्यात मूळ साचा, म्हणजे क्लास, एकदा लिहिला की त्याच्या पोटच्या क्लासांना बापाचं सगळं आपसूक मिळतं. बाकीचे साच्यांना जडजड इंग्रजी नावं देत. सर्जेरावांचा मूळ क्लास ‘आबा’, ऊस वजनाचा ‘थोरला’ आणि बिलांचा ‘धाकटा’. जेवणाची विचारपूस फक्त आबात लिहिलेली. पोरं ती वारशानं करायची. सर्जेरावांचे खरे आबा, म्हणजे वडील, कळंबला मेंढरं राखायचे आणि म्हणे मेंढरांनाही जेवणाचं विचारायचे.

एकदा कंपायलरची, म्हणजे आमचं लिखाण यंत्राच्या गळी उतरवणाऱ्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती आली. तिच्यात वेग वाढवायची सोय होती. ती चालू केली आणि दोन्ही पोरं मुकी झाली. बिलं झटपट, विचारपूस बंद. सर्जेरावांनी आठवडाभर स्वतःच्याच चुका शोधल्या. शेवटी कळलं, खोट कंपायलरची. घाईच्या नादात तो पोरात डोकावायचा आणि तिथं विचारपूस लिहिलेली दिसली नाही, की आबाकडे न जाताच ती काढून टाकायचा.

“बापाला न इचारता वाटण्या केल्या ह्या भाड्यानं,” सर्जेराव म्हणाले. “वेग बंद ठिवा.”

साहेब भडकले. “उद्या कारखान्यात रांगत चालणारा प्रोग्राम दाखवू? काम जाईल हातचं.”

मी मध्ये पडलो. “सर्जेराव, ती ओळ पोरांच्या क्लासात लिहून टाका की. वेगही राहील, विचारपूसही.”



“मंग ते मीच मला इचारल्यावानी हुईल,” सर्जेराव म्हणाले. “आबा जाऊन वरीस झालं. हितं खोलीवर दुसरं कोण इचारतंय?”

  मग साहेबांनीच तोड काढली: कारखान्याला वेग, सर्जेरावांच्या मशिनवर आबा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं मशिन कुंथत कुंथत सुरू झालं. ‘जेवलास का रं?’

“व्हय आबा.”

डबा मात्र शेजारी तसाच बंद होता.

“आबांशी खोटं बोलता?” असं म्हणून मी माझी भाकरी त्यांच्यापुढं सरकवली. ते मुकाट्यानं जेवले.