शंकरअण्णा आणि चिंचेचा वास

कुणी जुनं नाणं दाखवायला आणलं, की आमच्या खालच्या मजल्यावरचे शंकरअण्णा ते आधी नाकाला लावतात.

"चिंच," म्हणतात. किंवा "टूथपेस्ट." आणि नासलेलं दूध परत करावं तसं नाणं परत देतात.

अण्णांच्या घराण्याला बंगळुरात कित्येक पिढ्या झाल्या. बँकेतून निवृत्त झालेत, बायको गेल्यापासून एकटेच राहतात. राजाजीनगरात कुणाच्या ट्रंकेत नाणं सापडलं, की माणूस त्यांच्याकडे येतो, आणि बहुतेक वेळा ते लख्ख घासून येतो.

त्याचा सगळा राग माझ्यावर निघतो. मी ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये पिचून येते, तर जिन्यात अण्णा उभे. "स्वल्प थांबा." मी लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच ठेवून ऐकते.

"ती काळपट साय म्हणजे नाण्याचं वय. घासलं की वय गेलं, वर बारीक चरे पडले. जाणकार मग हातसुद्धा लावत नाही. सरी?"

"सरी," मीही त्यांच्याच कानडीत 'बरं' म्हणते. माझ्याकडे एकही जुनं नाणं नाही, हे त्यांना सांगून मी दमलेय.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी अशीच ऐकत उभी असताना शेजारच्या गल्लीतल्या कमलाक्का आल्या. रुमालात चांदीचे रुपये, आरशासारखे चकचकीत.

"अण्णा, हे दर लक्ष्मीपूजनाला सासूबाई धुवायच्या, त्यांच्यामागं मी. आता नातू म्हणतो, आजी, तू घासून घासून सगळी किंमत घालवलीस. खरं काय?"

त्यांचा चेहरा उतरलेला होता. झालं, आता अर्धा तास, म्हणून मी कठड्याला टेकले.

अण्णांनी रुपया नाकाला लावला. मग तो अक्कांच्या रुमालात परत ठेवला.

"नातवाला सांगा, हे विकायचं नाणं नव्हे. पूजेचं नाणं धुवायचंच असतं."

"मग बरं," म्हणत अक्का रुमाल बांधू लागल्या.

"थांबा." अण्णा आत गेले आणि एक काळा पडलेला रुपया घेऊन आले. "सुमित्रा गेली तेव्हापासून हा पूजेत बसला नाही. यंदा तुमच्यात ठेवाल?"

"ठेवीन की. पण मी चिंचेनं धुते हं, अण्णा."

"धुवा," अण्णा म्हणाले. "तीपण चिंचेनंच धुवायची."