बेहिझोर मोहल्ल्याचा हरित मेंढा

पृथ्वी वाचवण्याचं काम फार मोठं असल्यामुळे ते नेहमी बायकांच्या स्वयंपाकघरापासून सुरू करावं लागतं. मार्गिलानजवळच्या आमच्या बेहिझोर मोहल्ल्याने ते काम २०१८ सालच्या उन्हाळ्यात अंगावर घेतलं.

मोहल्ल्याचे अध्यक्ष तुरोब अका (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला अका म्हणतात, बाईला ओपा) राजधानी ताश्कंदला एका शिबिराला जाऊन आले होते. विषय होता 'घरच्या घरी हिरवं जगण्याचे सोपे उपाय'. (शिबिरात बाटलीबंद पाणी आणि प्लास्टिकच्या डब्यातलं जेवण होतं. व्यवस्था उत्तम होती, असं अका आजही सांगतात.) आल्या आल्या त्यांनी चहाखान्याच्या अंगणात सगळ्यांना जमवलं आणि उपाय वाचून दाखवले.

नळ उघडा ठेवू नये. बेहिझोरला पाणी सकाळ-संध्याकाळ तासभर यायचं. एरवी नळ उघडा असो की बंद, बचत सारखीच. खोलीत माणूस नसताना दिवा मालवावा. हिवाळ्यात आमचे दिवे खोलीत माणसं असतानाही आपले आपण मालवायचे. जुने कपडे टाकू नयेत. मागच्या रांगेत बसलेल्या इनोबत ओपाच्या घरी पाहुण्यांना बसायला जी गादी होती, तिच्यात तिच्या सासूचे दोन झगे, नवऱ्याचा सैन्यातला कोट आणि कधीकाळी शाळेच्या भिंतीवर असलेला एक लाल पडदा, असं सगळं एकोप्याने नांदत होतं. प्लास्टिकची पिशवी पुन्हा वापरावी.

"पुन्हा म्हणजे कितव्यांदा?" इनोबतने विचारलं. तिच्या दोरीवर तेव्हाही धुतलेल्या पिशव्या वाळत होत्या. त्यातल्या एकीवर ज्या दुकानाचं नाव होतं, ते बंद होऊन दहा वर्षं झाली होती.

तुरोब अकांचा चेहरा उतरला. ज्या गावात काही वाया जात नाही, तिथे बचत करून दाखवणं फार अवघड असतं. शेवटचा उपाय त्यांनी जरा जोरात वाचला. "उरलेलं अन्न फेकू नये. शेजाऱ्यांना द्यावं!"

"फेकतं कोण, अका?" इनोबत म्हणाली. "कलिंगडाच्या साली, नानचे तुकडे, तळाची खरवड, सगळं मेंढ्याला जातं."

"तेच तर, ओपा! मी मुद्दाम विचारून आलो. मेंढा कुटुंबाचा सदस्य धरत नाहीत. त्याच्या पोटात गेलं ते वायाच गेलं."

"आणि मेंढा आपल्या पोटात जातो तेव्हा?"

"तो विषय वेगळा. त्याचं शिबिर डिसेंबरात आहे."

इनोबत मनात मेंढ्याचा हिशेब करू लागली. तिचा धाकटा मुलगा ओरिफ याचं लग्न कापसाची वेचणी संपल्यावर ठरलं होतं, आणि रिवाजाप्रमाणे नवरीच्या घरी दुंबा मेंढा पाठवायचा होता. दुंब्याची सारी इभ्रत शेपटीच्या चरबीत असते. नवरीची आई मायसरा शेपूट हातावर तोलून मेंढ्याचं वजन सांगायची आणि त्याच दमात वरपक्षाची लायकीही सांगायची. हलक्या शेपटीवरून तिने आजवर दोन सोयरिकी मोडल्या होत्या. इनोबत विधवा, विकतची पेंड चारण्याची तिची ऐपत नव्हती. मेंढा वाढत होता तो घरच्या उष्ट्या-खरकट्यावर.

दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडची साओदत ताटलीभर मुगाची खिचडी घेऊन आली. "ओपा, उरली होती हो. पृथ्वीसाठी आणली."

खिचडी चांगली होती. अडचण ताटलीची होती. शेजारणीची ताटली रिकामी परत करण्यापेक्षा बाई आमच्याकडे ती विहिरीत टाकून चोरीला गेली म्हणून सांगेल. इनोबतकडे उरलेलं काही नव्हतं, कारण तिच्या घरी कधी उरतच नसे. तेव्हा उरण्यासाठी तिला जास्त शिजवावं लागलं. तिने भोपळ्याचे सामसे, म्हणजे तंदुरात भाजलेले समोसे केले, दोन घरात ठेवले आणि बाकीचे उरले असं जाहीर केलं.

सामसे एका ताटलीत मावले नाहीत, म्हणून आता साओदतकडे इनोबतचीही ताटली होती.

पंधरा दिवसांत सगळा मोहल्ला या हिशेबात अडकला. उरलेलं अन्न हे ताज्या अन्नापेक्षा प्रतिष्ठेचं झालं. खिचडीवरून मामला मांतींवर, म्हणजे मांसाच्या वाफवलेल्या मोदकांवर गेला, मांतींवरून द्राक्षाच्या पानांतल्या खिम्यावर, आणि शेवटी लावरीची अंडी आणि बिहीची फळं घातलेल्या पुलावावर.

"अगं साओदत, याला कोणी चमचासुद्धा लावलेला नाही!"

"लावलाय की, ओपा. त्या कोपऱ्यात बघा ना नीट."

कोपऱ्यात खरंच एक घास काढलेला असायचा. (पुढे पुढे तो घास कोण खातो यावरून घराघरांत सुनांची भांडणं लागली, सासवांचं म्हणणं, ज्येष्ठतेप्रमाणे व्हावं.) जुलैच्या अहवालात तुरोब अकांनी लिहिलं की मोहल्ल्यात वाया गेलेलं अन्न शून्य टक्के; अपवाद गाढवाच्या गाडीवरून पडून फुटलेल्या एका कलिंगडाचा, पण गाढव शेजारच्या मोहल्ल्यातलं होतं. गॅस तिप्पट जळाला. तो आकडा दुसऱ्या खात्याकडे असल्याने त्याची चिंता करण्याचं कारण नव्हतं. तंदूरसाठी कापसाच्या पऱ्हाट्या संपल्या, तेव्हा लोकांनी जर्दाळूच्या फांद्या तोडल्या. हिरवेपणासाठी थोडी झाडं गेली, पण ती कामी आली.

मेंढा मात्र वाळत चालला. नानचा तुकडा आता खिरीत पडायचा, कलिंगडाच्या सालीचा मुरंबा व्हायचा. साल सोलली की मेंढा बें करायचा आणि इनोबतला पोराच्या लग्नाचे कर्णे बंद पडल्यासारखे वाटायचे.

ती तुरोब अकांकडे गेली. त्यांनी मेंढ्याची बातमी ऐकली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ओपा, या महिन्यात तो किती कमी खातोय! आपल्यापैकी कोणाला जमलं असतं हे?"

"अका, मायसराला शेपूट दाखवायचीय मला, त्याग नाही."

ऑगस्टच्या एका सकाळी इनोबतच्या ओट्यावर परत करायच्या सात ताटल्या रचलेल्या होत्या आणि कोठीत मूठभर तांदूळ होता. ओरिफ म्हणाला, "आई, मेंढाच कापू. सगळ्या ताटल्या एकदम भरतील." इनोबतने त्याच्याकडे असं पाहिलं की तो कामाचा दिवस नसतानाही कामावर गेला. मग तिने मेंढ्याची दोरी सोडली, त्याला चालवत साओदतच्या दारात नेलं आणि कडी वाजवली.

"हे काय, ओपा?"

"उरलाय."

"मेंढा?"

"घरात माणसं दोन आणि दुंबा एक. पुरून उरला. शेजारी द्या म्हणालेत ना अका."

"अहो, पण मी याचं करू काय?"

"काही करू नकोस. संध्याकाळी परत पाठव." इनोबतने दोरी तिच्या हातात दिली. "फक्त रिकामा पाठवू नकोस म्हणजे झालं."

साओदतने क्षणभर मेंढ्याकडे पाहिलं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. अशी रिकामी ताटली तिच्या दारातून परत गेली असं गल्लीने म्हटलं असतं, तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. संध्याकाळी मेंढा परत आला तो पोट ढोलासारखं तट्ट आणि गळ्यात निळे मणी. दुसऱ्या दिवशी इनोबतने तो समोरच्या घरी नेला. त्यांनी त्याला साओदतपेक्षा बारीक चिरलेली लसूणघासाची पानं घातली. मेंढा दारोदार फिरू लागला तसं घराघरातलं सालपट, खरवड, तुकडे पुन्हा मेंढ्याच्या पोटात जाऊ लागले. ताटल्या थांबल्या. बायकांच्या कंबरा सरळ झाल्या. थोडक्यात, माझ्या आजीच्या काळापासून चाललं होतं तेच पुन्हा चालू झालं. फरक इतकाच की तुरोब अकांनी आता त्याला नाव दिलं होतं: 'फिरतं अन्न-पुनर्वापर केंद्र (चतुष्पाद)'.

नाव पडल्यावर पाहणी समिती येणारच. ती फरगानाहून आली, तीन मोटारींतून, माणसं चार. त्यांनी मेंढ्याच्या गळ्यात हिरव्या फितीचा बिल्ला बांधला आणि हुकूम वाचला की सदर केंद्र ही सार्वजनिक संपत्ती असून ती विकता, देता किंवा कापता येणार नाही.

लग्न आठवड्यावर आलं होतं.

"अका, माझा मेंढा."

"ओपा, आता तो मोहल्ल्याचा."

"मग ओरिफही मोहल्ल्याचाच. त्याचं लग्न तुम्हीच लावा, आणि मायसराला तोंडही तुम्हीच द्या."

तेवढ्यात मायसरा अंगणात येऊन उभी राहिली. सोबत दोन साक्षीदार बायका. ती कोणाशी न बोलता थेट मेंढ्याच्या मागे गेली आणि शेपटीखाली हात घातला. एक हात पुरेना, तेव्हा दुसरा घातला.

"हं," मायसरा म्हणाली. तिच्या तोंडून असा 'हं' गावाने आजवर ऐकला नव्हता. मग तिला बिल्ला दिसला. "हे काय लटकवलंय?"

तुरोब अकांनी हुकूम समजावून सांगितला. मेंढा कोणालाही देता येणार नाही.

"म्हणजे हिरवं जगायचं ते फक्त बेहिझोरने? आमचा मोहल्ला काय वाळवंटात आहे? तुमचं केंद्र आमच्याकडे शाखा उघडणार की नाही, तेवढं सांगा, अका."

'शाखा' हा शब्द ऐकला आणि अकांच्या चेहऱ्यावर पुढचा अहवाल उमटला. केंद्र एकच असल्यामुळे शाखेबरोबर मुख्यालयही जाणार होतं, पण विस्तार म्हटला की असं व्हायचंच. ठरल्या दिवशी कर्णे आणि ढोलांच्या गजरात मुख्यालय नवरीच्या घरी पोचलं. इनोबतची मान ताठ राहिली. लग्नाच्या पुलावात मांस मात्र बाजारातून आणलेल्या मेंढ्याचं होतं. (त्याने पृथ्वीसाठी काय केलं होतं, हे कोणी विचारलं नाही.)

तुरोब अका आता जिल्ह्याला असतात आणि स्वतःच शिबिरं घेतात. पाणी अजून बाटलीतलंच. साओदतने रस्त्यावर 'उरलंसुरलं' नावाचं खाणावळवजा दुकान काढलं. तिथे सगळं रोज ताजं शिजतं. मायसराला बिल्ल्यामुळे मेंढा कापता आला नाही. २०२३च्या हिवाळ्यात तो म्हातारपणाने गेला, तोवर तिने त्याची शेपूट दर शुक्रवारी तोलली. इनोबत दोन नातवंडांची आजी झाली आणि तिने कोंबड्या पाळल्या.

ओरिफ आणि त्याची बायको झुल्हुमोर ताश्कंदला सातव्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे तीन रंगांच्या कचरापेट्या आहेत, मेंढा नाही. उरलेलं अन्न दोघं झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये नीट ठेवतात, चार दिवस त्याकडे मायेने पाहतात आणि पाचव्या दिवशी हिरव्या पेटीत टाकतात. तुमच्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला तो डबा आहे ना, त्यातली भाजी तुम्ही मनातून परवाच टाकलेली आहे. टाकायचंच आहे ते आधी वीज जाळून गार करायचं, ही रीत इनोबतला काही केल्या समजत नाही. त्यासाठी तुमच्यासारखीच जागरूक माणसं लागतात.