मार्लेनेच्या लग्नाची वाइन

द्राक्षाकडे नुसतं पाहून त्याची गोडी सांगणारा माणूस जर्मनीतल्या अख्ख्या मोझेल नदीकाठी एकच आहे, असं मी गेल्या वर्षी छातीठोकपणे सांगत होतो. तो माणूस म्हणजे अर्थातच मी, एकार्ट! गावाने ते हसून सोडून दिलं. सासऱ्यांनी मात्र खरं मानलं, आणि तिथेच घात झाला.

उन्हाळ्यात आम्हाला मुलगी झाली, मार्लेने. आमच्याकडे मूल जन्मलं की त्या सालची वाइन तळघरात ठेवतात आणि त्याच्या लग्नात फोडतात. आमच्या रीसलिंग द्राक्षांच्या वाइनची प्रत ठरते ती तोडणीच्या वेळी रस किती गोड भरला यावर. साधी ती काबिनेट, तिच्यावर श्पेटलेझे आणि निवडक पिकल्या घोसांची ती आउसलेझे. सासऱ्यांनी, म्हणजे अलोइसबाबांनी, पाटीच्या दगडाच्या उतारावरचा जुना मळा नातीच्या वाइनसाठी राखला आणि तोडणी कधी करायची ते माझ्यावर सोपवलं. हा मान त्यांनी पोटच्या मुलीलाही कधी दिला नव्हता.

झालं! मी रोज संध्याकाळी मळ्यात हजर. एक सोनेरी मणी खुडायचा, गोडी मोजायच्या नळीच्या काचेवर त्याचा थेंब पिळायचा आणि डोळा लावायचा. आकडा नव्वदीच्या पुढे! म्हणजे आउसलेझे, तीही आरामात. खानावळीत मी तसं जाहीर करून टाकलं. शेजारचा वेंडेलिन म्हणाला, यंदा श्पेटलेझेचेही वांधे आहेत, उगाच फुशारक्या मारू नकोस. मी त्याला हाताला धरून मळ्यात नेलं आणि एक सोनेरी मणी त्याच्या तोंडात घातला. वेंडेलिनने आणखी एक मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. मग चर्चचे पाद्रीबाबा आले, त्यांच्यामागून सगळं भजनमंडळ आलं. प्रत्येकाला पुरावा हवा होता आणि माझा हात सढळ होता. काहींची खात्री एका मण्याने पटत नव्हती, ते पुन्हा पुन्हा आले. एव्हाना सगळ्यांच्या तोडण्या उरकल्या होत्या. माझी बायको गेर्लिंडे म्हणाली, सावलीतले घोसही एकदा बघ. मी तिला म्हटलं, जाणकाराला त्याची गरज नसते. आणि 'मार्लेने, आउसलेझे' अशी सोनेरी अक्षरांची लेबलंसुद्धा छापून आणली.

तोडणीला सगळं गाव मदतीला आलं. घाण्यातून रस वाहू लागला. अलोइसबाबांनी तो उंच काचेच्या भांड्यात भरून त्यात गोडी मोजायचा तरंगमापक सोडला आणि चष्मा कपाळावर चढवून वाकून बघितलं.

"त्र्याहत्तर," ते म्हणाले. म्हणजे जेमतेम काबिनेट.

मी म्हटलं, मापक बिघडलाय. वेंडेलिन धावत जाऊन स्वतःचा घेऊन आला. इतक्या आनंदाने त्याने मला आजवर काहीही उसनं दिलेलं नाही. त्यातही त्र्याहत्तरच.

"तू मणी कुठले तपासायचास?" बाबांनी शांतपणे विचारलं.

"वाटेकडचे... उन्हाच्या बाजूचे."

"त्यातलेही कुठले?"

"सोनेरी असतील ते."

"आणि ते सोनेरी मणी आता कुठे आहेत?" गेर्लिंडेने विचारलं.

पाद्रीबाबा स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. वेंडेलिनने उगाचच तोंड पुसलं. माझ्या लेकीच्या लग्नाची वाइन मी माझ्याच हाताने गावाला चारली होती! लाजेने माझी मान वर होईना. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

बाबांनी रसाचा एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"काबिनेट आहे, पण वाईट नाही," ते म्हणाले. "नीट ठेवली तर टिकेल. पोरीच्या लग्नात हीच फोडू."

माझ्या जिवात जीव आला. मी त्यांचे आभार मानायला पुढे झालो.

"फक्त नवरा तिचा तिला शोधू दे," ते म्हणाले. "तू बघायला गेलास, तर एक गोड माणूस भेटेल आणि घरी येऊन सांगशील की सगळं खानदानच गोड आहे."

घाण्याभोवती हशा पिकला. गेर्लिंडे तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, डोक्यापासून पायापर्यंत, आणि मग वडिलांकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "याला पसंत करताना तुम्ही तरी कुठला मणी चाखला होतात?"

सासरे तडक पिंप धुवायला निघून गेले.