चोवीस रिकाम्या बशा

गुरुवारी सकाळी टकर स्वयंपाकघरात आला तेव्हा टेबलावर केकचं रिकामं भांडं होतं. त्याने ते फडक्याने पुसलं आणि कपाटात ठेवलं. शुक्रवारी भांडं पुन्हा टेबलावर. टकरने पुन्हा आत ठेवलं. शनिवारी त्याच्याशेजारी सहा अंडीही होती. घरमालकीण फ्राउ आइजेले यांचं वय झालंय, वस्तू जागेवर ठेवायला विसरतात, असा निष्कर्ष काढून त्याने अंडी फ्रिजमध्ये आणि भांडं कपाटात ठेवलं. आपण किती कामसू आहोत, याचं त्याला जरा बरंही वाटलं.

टकर मूळचा अमेरिकेतल्या नेब्रास्काचा. ऑगस्टपासून तो जर्मनीत नेकार नदीकाठच्या या फुटबॉल क्लबच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात डावा बचावपटू होता आणि क्लबने त्याची राहण्याची सोय फ्राउ आइजेले यांच्याकडे केली होती. त्याच्या खेळाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अडचण होती ती चौथ्या रकान्याची. अकादमीचे प्रमुख हेर हाउबर दर महिन्याला प्रत्येक खेळाडूचा अहवाल भरत. वेग, तंत्र, शिस्त, आणि चौथा रकाना, 'संघात मिसळतो का?' ऑक्टोबरच्या अहवालात तिथे हाउबर यांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. नोव्हेंबरचा अहवाल सोमवारी भरायचा होता, आणि हिवाळ्यानंतर टकरला ठेवायचं की परत पाठवायचं, हे त्यावर ठरणार होतं.

रविवारी टकरचा वाढदिवस होता.

"कोणी काही बोललं का?" शनिवारी आईने फोनवर विचारलं.

"एक शब्द नाही. मी खोलीत गेलो की सगळे गप्प होतात."

"मग नक्की! सरप्राइज ठेवलंय रे तुला. सोळाव्या वाढदिवसाला मी गॅरेजमध्ये चाळीस माणसं लपवली होती, आठवतं ना? आणि तू आत येऊन म्हणालास, 'गाड्या बाहेर दिसल्या मला.' या वेळी तरी तोंड नीट कर."

टकरने आरशासमोर तोंडाचे तीन प्रकार करून पाहिले. पहिल्यात दात दुखतोय असं वाटत होतं, तिसऱ्यात नुसती भूक दिसत होती. दुसरा बरा होता: भुवया वर, तोंड अर्धं उघडं, उजवा हात छातीवर.

पुरावाही भक्कम होता. आल्यापासून संघात दोन वाढदिवस झाले होते आणि दोन्ही वेळा सरावानंतर खेळाडूंच्या खोलीतल्या टेबलावर केक हजर होता. तो कुणी आणला, हे मात्र टकरने कधी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी हलकं धावणं झालं. संघाचं सामानसुमान सांभाळणारे ओटमार काका चोवीस बशा आणि चोवीस काटे मांडताना टकरला दिसले. त्याने चटकन नजर फिरवली. मंडळींना तयारीला वेळ मिळावा म्हणून त्याने तब्बल पंचवीस मिनिटं अंघोळ केली. मग दार उघडलं आणि दुसऱ्या क्रमांकाचं तोंड केलं.

"अरे बापरे! हे सगळं माझ्यासाठी?"

बावीस मुलं रिकाम्या बशांसमोर बसली होती. सगळ्यांची नजर त्याच्या हातांकडे. एक हात छातीवर होता, दुसऱ्यात ओला टॉवेल.

"कुठंय?" कर्णधार लेवेन्तने विचारलं.

"काय?"

"केक."

"तेच तर! कुठंय?" टकर खूश होऊन हसला. लपवलाय म्हणजे! त्याने दारामागे पाहिलं, बुटांचं कपाट उघडलं, शेवटी वाकून टेबलाखालीही पाहिलं. तिथे चव्वेचाळीस पाय होते.

"याला उन्हात पळवलंत का?" ओटमार काकांनी विचारलं.

"नोव्हेंबर आहे, काका," लेवेन्त म्हणाला.

तेवढ्यात हेर हाउबर आले. वाढदिवसाचा केक ते कधी चुकवत नसत. कोटाच्या वरच्या खिशात त्यांचा स्वतःचा काटा असायचा. त्यांनी बशा पाहिल्या, टेबलाखालून बाहेर येणारा टकर पाहिला, काटा परत खिशात ठेवला आणि ते काही न बोलता निघून गेले. त्यांचं ते न बोलणं टकरला थेट चौथ्या रकान्यात जाताना दिसलं.

घरी जाताना गोलरक्षक फाबियन त्याच्याबरोबर चालत होता.

"तुमच्यात कंजूषपणा एवढा असतो का रे?" फाबियनने सरळच विचारलं.

"मी? अरे, वाढदिवस माझा आणि केक तुम्ही आणला नाहीत!"

"आम्ही? तू जन्मलास, त्यात आमचा काय दोष? ज्याचा वाढदिवस त्याचा केक. माझ्या वेळी आईने दोन चेरी केक केले. ट्रॅममधून मांडीवर घेऊन आलो मी. पाटलोण अजून लाल आहे."

"मग आधी कुणी बोललं का नाही?"

"आधी? वाढदिवसाचं आधी बोलायचं नसतं. अपशकुन! नंतर महिनाभराने बोल, कुणी काही म्हणणार नाही."

टकर घरी पोचला तेव्हा भांडं टेबलावरच होतं.

"चार दिवस काढून ठेवतेय," फ्राउ आइजेले म्हणाल्या. "आणि तू रोज आत ठेवतोयस. म्हटलं, पोराला माझं भांडं आवडलेलं दिसत नाही. विकतचा नेला असेल."

"मी काहीच नेलं नाही."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. "काहीच नाही? आणि हाउबर काटा घेऊन आला होता?"

"हो."

"देवा रे!" त्या लगेच उठल्या. "सफरचंदं सोल. रविवारी दुकानं बंद, घरात आहे त्यात भागवायचं. दोन सफरचंदाचे आणि एक क्रीमचा. करणार तू, मी नुसती बघणार."

टकरने क्रीम फेटायला मिक्सर काढला तशी त्यांनी त्याचा हात धरला. "रविवारी मिक्सर? रविवारी इथे आवाज करायचा नसतो. वरच्या मजल्यावर श्ट्रोबेल राहतात! हाताने फेट."

टकर पायांवर जगणारा माणूस. पाच मिनिटांत त्याचा उजवा हात गळाला, दहा मिनिटांत डावा. पस्तिसाव्या मिनिटाला क्रीम घट्ट झाली आणि टकरच्या डोळ्यांत पाणी आलं. वरून श्ट्रोबेल यांचं घोरणं अखंड ऐकू येत होतं. फ्राउ आइजेले यांनी बोट बुडवून चाखलं आणि पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी टकर सगळ्यांच्या आधी पोचायचं म्हणून एक तास लवकर निघाला. सफरचंदाचे दोन केक त्याने बाहेर बाकावर ठेवले, क्रीमचा दोन्ही हातांवर तोलला आणि खांद्याने खेळाडूंच्या खोलीचं दार ढकललं. आत काळोख.

इकडे रविवारी दुपारी फाबियनने सगळ्यांना हकिकत सांगितली होती. लेवेन्त बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, "बिचारा टेबलाखाली शोधत होता रे." मग अमेरिकेत हा प्रकार कसा करतात, याची त्यांनी रीतसर माहिती काढली, टकर किती वाजता निघणार ते फ्राउ आइजेले यांना फोनवर विचारलं, कामं वाटून घेतली, आणि ओटमार काकांनी कागदी टोप्यांचा प्रश्न मिटवला.

दिवे लागले. बाकांमागून, कपाटांतून, टेबलाखालून बावीस जण उसळले.

"सरप्राइज!"

टकर जिवाच्या आकांताने ओरडला. त्याचे हात आपोआप वर गेले, आणि हातांवरचं जे होतं ते त्याहून वर गेलं. मधोमध टोपी घालून, काटा घेऊन हेर हाउबर उभे होते.

हाउबर यांच्या चष्म्यावरून क्रीम हळूहळू घरंगळत कॉलरवर आली. त्यांनी कॉलरवरची थोडी काट्यावर घेतली आणि खाल्ली.

"हाताने फेटलीय?"

"हो," टकर कसाबसा म्हणाला.

"मिक्सर नाही?"

"काल रविवार होता ना. वर श्ट्रोबेल झोपले होते."

हाउबर यांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणखी आहे?"

"दोन. सफरचंदाचे. बाहेर बाकावर."

"मग बशा मांडा," ते ओटमार काकांना म्हणाले. "चोवीस नाही, पंचवीस. तुम्हीही बसा."

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "झालं ना सरप्राइज? तोंड कसं केलंस?"

"करायला वेळच मिळाला नाही गं. फाबियनने जागच्या जागी छापून देणाऱ्या कॅमेऱ्यात फोटो काढलाय. पाठवला असता, पण एकच छापला होता आणि तो हेर हाउबर घेऊन गेले."

"कशाला?"

टकरने समोरची अहवालाची प्रत पुन्हा एकदा वाचली. चौथ्या रकान्यात प्रश्नचिन्ह नव्हतं. तिथे हाउबर यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'होय. पुरावा सोबत जोडला आहे.'