पंचफुलाला कोणी सांगायचं

सावरखुट्याच्या सरकारी दवाखान्यात यंत्रमानवाने वऱ्हाडीत सांगेपर्यंत कोणी मरत नसे.

सुरुवातीला तो पुस्तकी मराठीत सांगायचा, "आपला रुग्ण दगावला आहे." लोकांना वाटायचं, हा कुठला तरी मुंबईचा साहेब, याला आमच्या माणसाचं काय ठाऊक? आता घरच्यांनाच पटलं नाही तर माणूस मरणार तरी कसा? खाटा अडून राहिल्या. मग त्याला वऱ्हाडी शिकवली. यंत्र तेच, पत्र्याचं तोंडही तेच; पण "भाऊ, गेली गा माय तुही," म्हणाला की लोक त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडत आणि प्रेत घरी नेत. सगळे त्याला दादा म्हणू लागले. तो खात नसे, तरी त्याच्यापुढे पोह्यांची बशी धरत.

एका दुपारी सुखदेव गावंड्याच्या बायकोच्या, पंचफुलाच्या खाटेकडे हा दादा निघाला. तिचा श्वास नुकताच थांबला होता. सुखदेव खाटेजवळून उठून दादाच्या मागे गेला. दादाच्या पाठीवर भाषेची कळ होती. सुखदेवने ती पुस्तकी मराठीवर फिरवली, मोडली आणि खिडकीबाहेर फेकून दिली.

"आपल्या पत्नीचे निधन झाले आहे," दादा म्हणाला.

"तू कोन सांगनारा?" सुखदेव म्हणाला.

पंचफुला उठून बसली आणि तिने चाय मागितली.

सुखदेवला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. त्याने चाय आणली. ती घशाखाली उतरेना, हनुवटीवरून ओघळली. हात गार पडलेले. दुखणं मात्र जागच्या जागी होतं. ते मेल्यावरच थांबणार होतं.

बाकीच्या खाटांवरही तेच सुरू झालं. सिस्टर म्हणाल्या, "नवी कळ जिल्ह्यावरून येईल. तोवर सगळे जिवंतच धरायचे." दादा निधनाच्या बातम्या देत फिरायचा आणि लोक त्याला हाकलून द्यायचे. कालपर्यंत हेच लोक पोहे घेऊन मागे लागत होते, बरं का.

पंचफुलाने सुखदेवचा हात धरला. "थो पत्र्याचा काय म्हनून रायला?"

"कायी नाई. हापिसातलं कायबाय."

"मले लय दुखते जी. तुमीच सांगा ना. तुमचं आयकतो मी."

सुखदेवने तोंड फिरवलं. त्याला तिच्याशिवाय घरी जायचं नव्हतं, एवढंच. पण ती रात्रभर कण्हत राहिली. सकाळी त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"फुले," तो म्हणाला, "तू गेली वं."

ती आडवी झाली. चेहऱ्यावरचं दुखणं निघून गेलं.

सुखदेवला रडायला खांदा हवा होता. जवळ दादाच होता.

"आम्हांस खेद आहे," दादा म्हणाला.

सुखदेव भिंतीकडे तोंड करून रडला. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची लेक त्याच्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात माश्या वारायचा पुठ्ठा होता.

"काका, आमच्या बुढ्यालेबी सांगून द्या. माह्या तोंडून निंगत नाई."

सुखदेवने डोळे पुसले.

"नाव काय त्याईचं?" त्याने विचारलं.