बिनपासपोर्टचा मॉनिटर

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी साडेसात वाजता, सुरतेच्या घड्याळानुसार, मस्कत, दोहा, दुबई आणि टोरांटो येथील काही कमावत्या, लेकुरवाळ्या आणि टक्कल पडू लागलेल्या नागरिकांनी आपापल्या जागी ताठ बसायचे असून, नाव पुकारताच उभे राहून ‘हजर’ म्हणायचे आहे. मध्येच बोलणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले जाईल. कारणे ऐकून घेतली जाणार नाहीत.

ही घोषणा माझी नाही. माझ्यात तेवढा जोर उरलेला नाही. ती आहे आमच्या शेजारच्या मॉनिटरची, आणि दर आठवड्याला ती माझ्या फोनवरून मलाच सगळ्यांना पाठवावी लागते. बमरोलीकडच्या मराठी शाळेत आम्ही सातवीला एका वर्गात होतो. गुरुजी एक आणि वर्ग दोन, त्यामुळे गुरुजी पलीकडे सहावीला भागाकार शिकवायला गेले की इकडे हजेरी हा घ्यायचा आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. आम्ही बाकीचे सातवी पास होऊन बाहेर पडलो. हा मॉनिटरपदावरून उतरलाच नाही.

आता तो पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये मास्टर आहे. दिवसभर कापडाचा रंग नमुन्याशी जुळवतो आणि कारागिरांना एका वाक्यात काबूत ठेवतो. “नाव लिहू का?” कारागीर कुणी ओडिशाचे, कुणी बिहारचे. मराठीचा गंध नाही, पण एवढं सगळ्यांना कळतं. मुलीच्या लग्नात बँडवाला थांबेना, तेव्हा त्याच्या कानाशी जाऊन यानं हेच विचारलं. दवाखान्यात रांग सोडून आत शिरणाऱ्या बाईंनाही विचारलं. त्या डॉक्टर निघाल्या. इंजेक्शन त्यांनीच दिलं, आणि ते जरा जोरात दिलं असं त्याचं अजून म्हणणं आहे.

तर असा हा मॉनिटर आमच्या शाळेच्या परदेशस्थ माजी विद्यार्थी संघाचा संस्थापक आहे. स्वतः कधी दमणच्या पुढे गेलेला नाही.

खरं तर त्याला आधी इथल्यांचाच संघ काढायचा होता. शाळेच्या मैदानात सगळ्यांना बोलावलं, आणि दिवस निवडला रविवारचा. रविवारी संध्याकाळी घरी सापडणारा सुरतकर एकतर आजारी असतो, नाहीतर मॉनिटरचा शेजारी. मैदानात मी आलो आणि चहावाला आला. चहावाला थर्मास परत न्यायला थांबला होता. मॉनिटरनं आम्हा दोघांची रीतसर हजेरी घेतली आणि सभा बरखास्त केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या वर्गातला संजू खैरनार एसी दुरुस्तीच्या कामाला मस्कतला निघाला. मॉनिटर त्याला सोडायला उधना स्टेशनवर गेला. हातात शेवेचं पाकीट दिलं आणि गाडी हलता हलता सांगितलं की, पोचलास की हजेरी दे. संजूनं दुसऱ्या दिवशी फोन केला आणि फक्त “हजर” म्हणाला. झाला संघ स्थापन. एक संस्थापक, एक सभासद आणि एक मी. माझ्या घरी वायफाय होतं म्हणून मी तांत्रिक सल्लागार. पण भिंतीपलीकडे त्याचा सिग्नल नीट जात नाही म्हणून मला दर रविवारी माझा नेटवाला फोन घेऊन त्याच्या घरी जाऊन बसावं लागतं, आणि माझी बायको दर रविवारी मैत्रिणींबरोबर हरभऱ्याच्या डाळीचा वाफाळता लोचो खायला जाते.

मॉनिटरनं लगेच नियम केला. नियम पहिला: सभासद फक्त परदेशात राहणारा असेल. “इथल्यांना एकमेकांची किंमत नाही,” तो म्हणाला. “रोज धडकतात ना.”

आणि गंमत बघा, संघ वाढला. संजूनं दोह्यातल्या एकाला आणलं, त्यानं दुबईतल्या दोघांना. मग आमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी शाळेत शिकलेली, टोरांटोत बँकेत असलेली नीता सोनवणे आली, आणि तिच्या मागे तिकडचे बरेच. शाळेनं जुना फळा काढला तेव्हा मॉनिटरनं तो कापडाच्या टेम्पोवर टाकून घरी आणला आणि पुढच्या खोलीत खिडकीवरच टांगला. तेव्हापासून त्या खोलीत वारा येत नाही. नलिनीवहिनींनी एकदाच तक्रार केली. त्यांचं नाव फळ्यावर गेलं.

वहिनी घरात अहिराणीच बोलतात आणि नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मॉनिटर आहे का, असं दारातून विचारलं की स्वयंपाकघरातून ठरलेलं उत्तर येतं, “आठेच शेतस, कोठे जातीन?” इथेच आहेत, जाणार कुठे. सभा चालू असताना मात्र त्या बाहेर येत नाहीत. फोनच्या कॅमेऱ्याला त्या दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसासारखं वागवतात.

सभेत काय काय चालतं ते ऐकवत बसलो तर मीच पुन्हा दमेन. दुबईच्या दोघांत उपाध्यक्ष कोण यावरून जुंपली, दोघांची नावं फळ्यावर गेली. चौथीतच शाळा सोडलेला एकजण सभासद होऊ शकतो का, यावर महिनाभर काथ्याकूट झाला. मॉनिटरनं निकाल दिला की, ज्याचं नाव आपण एकदा तरी फळ्यावर लिहिलंय तो माजी विद्यार्थी. नवी पोरं कुणी “हाजिर” म्हणतात, कुणी “हाजर छुं”. ते त्याला चालतं. फक्त उभं राहिलं पाहिजे. अपवाद एकट्या संजूचा. कामगारांच्या खोलीत त्याची झोपायची जागा वरच्या बर्थवर, तिथून उभं राहिलं की डोकं छताला लागतं. मग सर्वानुमते ठराव झाला की खैरनार यांनी बसून हजेरी द्यावी, पण पाठ ताठ ठेवावी.

मला सगळ्यात कंटाळा यायचा तो नावांचा. पटावर असतं तसं, आडनाव, नाव, वडिलांचं नाव, सगळं पूर्ण, आणि ते सावकाश. नुसतं संजू म्हण की, मी एकदा म्हणालो. माझं नाव फळ्यावर गेलं.

गेल्या महिन्यात नीतानं संघाची तिकडे नोंदणी करायचं काढलं. कागद भरताना तिच्या लक्षात आलं की, नियम पहिला पाळायचा तर मॉनिटर सभासदच नाही, आणि सभासद नाही त्याला सभा चालवता येणार नाही. तिनं हे चाचरत, चारदा माफी मागून सभेत सांगितलं. मॉनिटर खडूकडे बघत म्हणाला, “बरोबर आहे. नियम माझाच आहे. पुढच्या रविवारपासून हजेरी तू घे.”

मी खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांसमोर लोचोची ताटली आली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आला. हाताला मिलचा निळा रंग तसाच होता. मशीनवर बोटानं रेघा ओढत म्हणाला, “पासपोर्टला काय काय लागतं रे?”

“कुठं निघालास?”

“कुठं नाही. नुसता असावा.”

मी म्हणालो की, नुसत्या पासपोर्टानं माणूस परदेशस्थ होत नाही. त्यानं मान हलवली. बराच वेळ गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांच्या प्रती निघताना बघत बसला. मग म्हणाला, “संजूला तिकडं एसीच म्हणतात, माहितीये? एसी आला, एसी गेला. एकदा फोनवर रडला होता. मी म्हटलं, आठवड्यातून एकदा तरी माणसाचं पूर्ण नाव कुणीतरी घ्यावं. बापाच्या नावासकट.”

एवढं बोलून तो मिलच्या पाळीला निघून गेला. मी पुढच्या गिऱ्हाइकाच्या प्रती दोनदा काढल्या. मिलमध्ये याला मास्टर म्हणतात. गल्लीत मॉनिटर म्हणतात. मुलगी पप्पा म्हणते आणि वहिनी तर काहीच म्हणत नाहीत. शाळेतसुद्धा हजेरी घेणाऱ्याची हजेरी कोण घेणार?

संध्याकाळी मी संजूला फोन लावला. ही गोष्ट मी त्याला फक्त सांगितली, बाकी काही केलं नाही. एवढ्यानंही मी थकलो.

रविवारी मॉनिटरनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. फळा स्वच्छ पुसलेला. तो नेहमीसारखा फळ्यापाशी उभा न राहता माझ्या शेजारी गादीवर येऊन बसला आणि खडू शर्टाच्या खिशात ठेवला. नीतानं टोरांटोहून हजेरी सुरू केली. त्याच्याच पद्धतीनं, आडनाव, नाव, वडिलांचं नाव, सावकाश. एकेकजण उठून हजर म्हणत होता. संजू वरच्या बर्थवर ताठ बसला होता. मॉनिटर ओठांतल्या ओठांत प्रत्येक नाव तिच्याबरोबर म्हणत होता.

शेवटचं नाव झालं. मी फोन बंद करायला हात पुढे केला.

“थांबा,” नीता म्हणाली. “नियम पहिला आम्ही काल बदलला. दादांना विचारलं नाही, विचारलं असतं तर त्यांनी आमची नावं लिहिली असती. अजून एक नाव आहे.” मग वडीलधाऱ्याचं नाव नुसतं घ्यायचं म्हणून तिचा आवाज जरा अडखळला. “बोरसे दिलीप वामन.”

हे मॉनिटरचं नाव आहे, हे माझ्या लक्षात यायलाच एक क्षण लागला. शेजारी बघितलं तर तो उठून उभा राहिला होता, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, सातवीतल्या पोरासारखा. तोंड उघडं, पण आतून काही येईना.

नीतानं पुन्हा पुकारलं, “बोरसे दिलीप वामन.” संजूनं मान खाली घातली होती.

तेवढ्यात स्वयंपाकघराचा पडदा सरकला. कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या नलिनीवहिनी पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या, माझ्या खांद्यावरून फोनकडे वाकल्या आणि टोरांटोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “हजर शेतस व माय. आठेच शेतस त्या.”